पत्राच्या शेवटी : ‘युवर’ की ‘युवर्स’?

इंग्रजी पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, ‘युवर्स फेथफुली’ असे लिहिण्याची रीत आहे. मराठी पत्रांतील ‘आपला विश्वासू’ ही याच शब्दांची छाया होय. शब्द परिचयाचे असूनही ते लिहिताना चांगली शिकलेली माणसेही चुकतात. ‘युवर्स’मधील शेवटच्या ‘एस्’पूर्वी अनेक जण षष्ठीचे चिन्ह, म्हणजे अॅपॉस्ट्रॉफी, देतात. अठराव्या शतकातील इंग्रजी लेखनात असे रूप आढळते. आज मात्र ते अशुद्ध गणले जाते. हे चिन्ह नामास लागते. ‘युवर्स’ हे सर्वनाम मुळातच षष्ठीचे असल्याने त्यास चिन्हाची गरज नाही.

दुसरी चूक अधिक विचार करण्याजोगी आहे. रजेच्या अर्जाखाली मुले ‘युवर्स ओबीडियंट प्यूपिल’ असे लिहितात. याचे मूळ मराठीत आहे. ‘हा आपला विद्यार्थी’ आणि ‘हा विद्यार्थी आपला’ या दोन्ही वाक्यांत ‘आपला’ हा एकच शब्द चालतो. इंग्रजीत पुढे नाम असेल तर ‘युवर’, आणि शब्द नामावाचून एकटा उभा असेल तर ‘युवर्स’. म्हणून ‘युवर ओबीडियंट प्यूपिल’ लिहावे, किंवा ‘युवर्स ओबीडियंटली’. कारण ‘प्यूपिल’ हे नाम आहे, ‘ओबीडियंटली’ हे क्रियाविशेषण. मराठीत मुलगी ‘आपली’ लिहिते. इंग्रजीत तिलाही ‘युवर’ व ‘युवर्स’ हीच रूपे चालतात. मुलींच्या मनात ही शंका येतेच, म्हणून ती आधीच दूर करावी.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. खेड्यातील मुलास लेखनाचा नमुना बहुधा फळ्यावरच दिसतो आणि तेथील चूक पुढे नोकरीच्या अर्जापर्यंत त्याची सोबत करते.

आता कोणता शेवट केव्हा, ते पाहू. शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांची सूची नागपूरच्या धंतोलीतील रामकृष्ण मठाकडून मागवावयाची आहे, असे धरू. व्यवस्थापकांचे नाव ठाऊक नसल्यास आरंभी ‘डियर सर’ आणि शेवटी ‘युवर्स फेथफुली’ लिहावे. आरंभी नाव घातले असेल, तर शेवट ‘युवर्स सिन्सिअरली’. दोन्ही शेवटांत केवळ पहिल्या शब्दाचे आद्याक्षर मोठे असते. अमेरिकेत ‘सिन्सिअरली युवर्स’ असाही क्रम रूढ आहे; ती चूक नव्हे, तथापि प्राथमिक वर्गात एकच रीत शिकवावी.

सरावासाठी फळ्यावर चार पत्रांचे केवळ आरंभ लिहून द्यावेत व शेवट मुलांकडून लिहवून घ्यावेत.