शेजाऱ्यासाठीं धांव

‘मदतीस धांवणें’ हा प्रयोग आपल्या भाषेंत इतका रुळला आहे कीं, त्यांतील धांव आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. अलीकडे मात्र कांहीं लोक तो अक्षरशः आचरूं लागले आहेत. दुसऱ्याच्या औषधोपचारास द्रव्य जमावें म्हणून ते कोसच्या कोस पळतात. आमच्यासारख्या जुन्या मास्तरास प्रथम याचें हसूं आलें. पळण्याचा आणि पैशाचा संबंध काय? ज्यास द्यावयाचें त्यानें घरीं बसून द्यावें! हें हसूं कसें मावळलें, तें वाचकांस सांगावयाचें आहे.

आम्ही महाडचे. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या पुरानें आमचें शहर बुडालें आणि त्याच दिवशीं तालुक्यांतील तळीये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्या वेळीं कोठकोठून लोक धांवून आले! पूर सर्वांस दिसतो. आजार हाहि एक पूरच. परंतु तो एकाच घरांत शिरतो आणि त्याचें पाणी उंबऱ्याबाहेर येत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शेजारच्या गृहस्थांस दुर्धर रोग जडला. “कांहीं लागलें तर निःसंकोच सांगा,” असें आम्हीं दारांत उभें राहून म्हटलें आणि कर्तव्य संपलें असें मानिलें. त्यांनीं कधींच कांहीं सांगितलें नाहीं. पुढें एका हळदीकुंकवास त्यांच्या कुटुंबाच्या हातांत पाटल्या दिसल्या नाहींत, हें आमच्या घरांतून आम्हांस कळलें. तरीहि आम्ही गप्पच राहिलों. मागणें हें कित्येकदां दुखण्याहून जड असतें. आणि तें ओझें आम्हीं रोग्याच्याच माथ्यावर ठेविलें होतें.

बारामतीच्या लता भगवान करे यांची हकीकत अनेकांस ठाऊक असेल. शेतमजुरी करणाऱ्या या बाईंची साठी उलटली होती. पतीच्या तपासणीस पैसा नव्हता. २०१३ च्या सुमारास तेथील मॅरेथॉनमध्यें बक्षीस आहे असें कळतांच त्या नऊवारी लुगड्यानें, अनवाणी धांवल्या आणि पहिल्या आल्या. पुढें त्यांच्यावर चित्रपट निघाला; त्यांत त्यांनींच आपली भूमिका केली आणि २०२१ मध्यें जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. लोकांनीं त्यांचें कौतुक केलें तें योग्यच. परंतु आम्हांस एकच प्रश्न टोंचतो: त्या धांवल्या, तेव्हां त्यांच्यासाठीं कोण धांवलें?

या प्रश्नांतच आमच्या हंसण्याचें उत्तर होतें. कॅनडांतील टेरी फॉक्स या तरुणाचा पाय कर्करोगामुळें कापावा लागला होता. १९८० सालीं, कृत्रिम पायावर, त्यानें १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर तोडलें. रुग्णालयांत त्यानें इतरांचीं दुःखें पाहिलीं होतीं. त्या रोगाच्या संशोधनास पैसा मिळावा हा त्याचा हेतु. आपल्याकडे २००४ पासून मुंबईस मॅरेथॉन भरते. तींत धांवणारा एखादी संस्था निवडतो, इष्टमित्रांस पत्रें लिहितो आणि ते त्याच्या शब्दाखातर त्या संस्थेस देणगी देतात. येथें मागणारा धडधाकट असतो. रोग्यास कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं. धांवण्यानें पैसा उत्पन्न होत नाहीं हें खरें. परंतु मागण्याचें ओझें दुबळ्या खांद्यावरून बळकट खांद्यावर येतें.

सरकारी योजना आहे ना, असें कोणी म्हणेल. आहे. २०१२ सालीं ती ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालते. परंतु पोलादपुराहून मुंबई दीडशे किलोमीटरांहून दूर. जाणें-येणें, सोबत्याचा मुक्काम, बुडालेली मजुरी, हा खर्च घरालाच सोसावा लागतो.

महाड ते पोलादपूर हें अंतर सुमारें १८ ते २० किलोमीटर, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनच्या जवळपास. तरुणांनीं हिंवाळ्यांतील एखाद्या पहांटे तेवढी मजल मारावी. मात्र हमरस्त्यावरील मोटारींची वर्दळ टाळून गांवांतील वाटा निवडाव्या. रोग्याच्या संमतीवांचून त्याचें नांव घेऊं नये. उपचाराचा पैसा परस्पर रुग्णालयांत भरावा आणि पैशापैशाचा हिशेब चारचौघांत वाचून दाखवावा.

आमचे गुडघे आतां धांवण्यास साथ देणार नाहींत. तथापि वही घेऊन दारोदार जाणें आम्हांस खास जमेल. त्या शेजाऱ्यांचें दार आमच्या दारापासून अवघें वीस पावलांवर होतें.