यंत्र लेव्ही भरत नाही

अमेरिकेतल्या न्यूअर्क बंदरातून २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ह्यूस्टनला निघालं, तेव्हा त्याच्या डेकवर धातूच्या ५८ पेट्या होत्या. सुटा माल हमालांकरवी जहाजात भरायला त्या काळी टनामागे सुमारे ५.८३ डॉलर लागत. पेट्यांमुळे हा खर्च १६ सेंटांच्याही आत आला. ट्रकवाहतुकीत मुरलेल्या माल्कम मॅकलीन यांची ही पेटी म्हणजेच आजचा कंटेनर. वाहतुकीतलं ऑटोमेशन म्हटलं की आपल्याला चालकाविना धावणारा ट्रक दिसतो. पण सगळ्यात मोठी उलथापालथ रस्त्यावर नव्हे, मालाच्या चढ-उतारात झाली. आणि तिथे प्रश्न रोकडा होता: टनामागे वाचलेले साडेपाच डॉलर कोणाच्या खिशात जाणार?

तिथल्या गोदी कामगारांनी याचा हिशेब दोन रीतींनी मांडला. पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेने १९६० मध्ये मालकांशी करार केला, की यंत्रं खुशाल आणा, पण नोंदणीकृत कामगाराला घरी बसवू नका आणि दरवर्षी ५० लाख डॉलर कामगारांच्या निधीत टाका. न्यूयॉर्कमध्ये त्याच सुमारास लवादाने कंटेनरमधल्या मालावर टनामागे रॉयल्टी ठरवून दिली. मला दुसरी रीत अधिक शहाणपणाची वाटते. ठरावीक रकमेचा करार मुदतीबरोबर संपतो. टनाशी बांधलेली रक्कम मात्र धंदा वाढेल तशी वाढते, मग माल माणसाने उचललेला असो की क्रेनने.

महाराष्ट्रात नेमकं इथेच घोडं पेंड खातं. १९६९ चा माथाडी कायदा ही खरं तर देशाला दाखवावी अशी गोष्ट. आज या गाळ्यावर तर उद्या त्या गोदामात राबणाऱ्या हमालाला कायमचा असा मालक नसतो. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने त्याच्यामागे माथाडी मंडळ उभं केलं. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरतो, आणि त्यातून कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी चालतं. सातारा-सांगलीकडून मुंबईत आलेल्या कित्येक कुटुंबांची दुसरी पिढी या लेव्हीच्या आधारावर शिकली. पण लेव्ही मोजली जाते मजुरीवर. गोण्यांची थप्पी लावायला टोळीऐवजी पॅलेट आणि फोर्कलिफ्ट आली, गोदामात सरकता पट्टा बसला, की मजुरी आटते आणि तिच्याबरोबर लेव्हीही. माल तेवढाच, किंबहुना जास्त. मंडळाची तिजोरी मात्र रिकामी. ज्या वर्षी कामगाराला आधाराची सर्वाधिक गरज, त्याच वर्षी तो तुटावा, अशी ही रचना आहे. म्हणून न्यूयॉर्कसारखा आपल्याकडेही मंडळासाठीचा आकार मजुरीवर नव्हे, टनावर लावायला हवा.

पन्नास किलोची गोणी पाठीवर घेण्यात कसली थोरवी, असं कुणी म्हणेल. बरोबरच आहे, ते ओझं उतरलंच पाहिजे. नवी कामंही येतात हे खरं. केरळच्या विळिंजम बंदरात यार्डातल्या क्रेन नियंत्रण कक्षात बसून चालवल्या जातात, आणि त्या चालवणाऱ्यांत स्थानिक तरुणीही आहेत. मात्र ते काम मोजक्यांना मिळतं, आणि पंचावन्न वर्षांच्या, मणके झिजलेल्या हमालाला तर नाहीच. अधिक वजनदार आक्षेप व्यापाऱ्यांचा आहे: टनावर आकार लावला तर माल महागेल, धंदा शेजारच्या राज्यात जाईल. आकार अवाच्या सवा ठेवला तर तसं होईलही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे कामगार ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन दिवस संपावर गेले, त्यात ऑटोमेशनला विरोध हा मोठा मुद्दा होता; यंत्रच नको असा हट्ट बंदराला मागे ठेवू शकतो. पण टनावरची रॉयल्टी म्हणजे यंत्राला विरोध नव्हे. ती लागू असतानाच तिथे कंटेनरने जुनी गोदी पुसून टाकली. आकार वाचलेल्या खर्चाचा छोटा हिस्सा असेल, तर यंत्र घेणं तरीही परवडतं.

माथाडीचं नाव पुढे करून वाराई, म्हणजे माल चढ-उताराचे पैसे, उकळणाऱ्या टोळ्यांची तक्रार उद्योजक नेहमी करतात, आणि ती खोटी नाही. पण गोदामाच्या दारात मुकादमाशी होणाऱ्या घासाघिशीपेक्षा मंडळाकडे थेट भरलेला, पावती मिळणारा आकार व्यापाऱ्यालाही सोयीचाच पडेल. त्यासाठी नवी मोजणीही फारशी लागणार नाही. किती टन आला, किती गेला, हे वजनकाट्याच्या चिठ्ठीवर आणि गोदामाच्या संगणकात आजही नोंदलं जातंच.