शाहूवाडीच्या रानात जायचं, पण कोणत्या नक्षत्रावर?

मृगाच्या दोन सरी पडून गेल्या, की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. ‘हे’ म्हणतात, जुलैतला एखादा रविवार काढू. मुलांना धबधब्याखाली भिजायचं असतं. सासूबाईंना पावनखिंड एकदा डोळ्यांनी बघायची असते. आणि डबे, औषधं, सुके कपडे, टॉवेल हे सारं जिनं बांधायचं, तिला मात्र ‘कधी जायचं?’ असं कुणी विचारतच नाही!

खरं तर हा प्रश्न तिलाच विचारायला हवा. पापड कधी घालायचे, धान्याला ऊन कधी दाखवायचं, लोणच्याची कैरी कोणत्या आठवड्यात आणायची, हे घरात कोण सांगतं? ऋतूंचा सगळा हिशेब गृहिणीच्या बोटांवर असतो. तोच हिशेब सहलीला लावला, तर सहल सुखाची होते. नाही लावला, तर कधीकधी जिवावर बेतते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्याचंच उदाहरण घेऊ. सदाहरित रान बघायला केरळात किंवा परदेशात जायला नको. ते आपल्या आंबा, विशाळगड, बर्की, उदगिरीच्या परिसरात आहे. फक्त त्याच्याकडे जायची वेळ ओळखता आली पाहिजे.

एवढा पाऊस येतो कुठून?

अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीच्या भिंतीला थडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिते होतात. भिंत ओलांडून पुढं येणाऱ्या वाऱ्यांकडे देण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण १,००० मिलिमीटर पाऊस, तर गगनबावड्यात ५,००० च्या घरात! आंब्याचा घाटमाथा त्याच ओळीत बसतो. मलकापूरला रिमझिम असेल, तर पुढं आंब्याला समोरचा माणूस दिसत नाही इतकं धुकं आणि धो धो पाऊस असू शकतो. तेव्हा ‘आपल्याकडे उघडलंय, चला’ हा हिशेब इथं चालत नाही.

या पावसावरच अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचं दाट रान पोसलं आहे. याच तालुक्याचा काही भाग चांदोली राष्ट्रीय उद्यानात येतो. २००४ मध्ये या उद्यानाची घोषणा झाली, २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यातही चांदोली आहे. इतकं मोठं वैभव आपल्या उंबऱ्याशी आहे, याचा पत्ता आपल्यापैकी किती जणींना असतो?

तरणा आणि म्हातारा : लांबूनच नमस्कार

पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा. साधारण ५ जुलैपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत या दोघांचं राज्य असतं. सगळी गर्दी नेमकी याच दिवसांत लोटते. धबधबे ऐन भरात असतात हे खरं, पण घरातल्या लहानथोरांना घेऊन जायला हेच दिवस सर्वांत वाईट.

का, ते समजून घ्या. ओढ्याचं पाणी आपण उभ्या असतो तिथल्या पावसानं वाढत नाही. वर पठारावर, आपल्या नजरेआड सर कोसळते आणि खाली दहा-पंधरा मिनिटांत घोट्याएवढं पाणी कमरेएवढं होतं. बर्कीसारख्या ठिकाणी ओढा ओलांडून आत जावं लागतं. जाताना हसतखेळत ओलांडलेला ओढा येताना वाट देईलच असं नाही. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला किंवा पाण्याचा आवाज बदलला, की डबा उघडा असला तरी तो तिथंच टाकून मुलांना आधी काठावर, उंचावर आणा.

रस्त्याचंही तसंच. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीनं आंबा घाटातला रस्ता खचला आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. शाहूवाडीत उगम पावणारी कासारी पुढं पंचगंगेला मिळते. म्हणून कोल्हापूरकर मैत्रिणींना एक सोपी खूण सांगते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पातळी चढू लागल्याची बातमी पेपरात दिसली, की बेत पुढं ढकला. पूर वाढला की रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ पाणी येतं आणि मग पलीकडे गेलेली माणसं पलीकडेच अडकतात. प्रशासनानं धबधब्यांवर जायला मनाई केली असेल, तर ती मोडण्यात शौर्य नाही, बरं का!

कुणी म्हणेल, महाराज तर आषाढातच गेले होते! हो, १६६० च्या जुलैत, पन्हाळ्याच्या वेढ्यातून, भर पावसाच्या रात्री. आणि १३ जुलैला बाजीप्रभूंनी घोडखिंडीत देह ठेवला. पण तो पाऊस त्यांनी सहलीसाठी निवडला नव्हता. शत्रूनं पाठलाग करू नये म्हणून निवडला होता. आजही जुलैत पन्हाळा ते पावनखिंड अशा पदभ्रमंती निघतात. सराव असलेल्या तरण्या मुलामुलींनी जाणत्या माणसांबरोबर जरूर जावं. सासूबाईंचे गुडघे आणि धाकट्याचा खोकला घेऊन मात्र नको.

सोन्याचे दिवस : उत्तरा आणि हस्त

गौरी-गणपती उठले, आवराआवर झाली, की साधारण १३ सप्टेंबरला उत्तरा नक्षत्र लागतं आणि २७ च्या आसपास हस्त. रान बघायचं असेल, तर हेच दिवस. धबधबे अजून वाहते असतात, पण पाणी निवळलेलं असतं. कातळसड्यांवर सोनकी, तेरडा, सीतेची आसवं यांचे गालिचे पसरतात. धुकं मधूनमधून बाजूला होतं आणि खालचं कोकण दिसतं. जुलैत हेच सारं पांढऱ्या पडद्याआड असतं!

याच दिवसांत बहुधा पितृपंधरवडा येतो. ‘पक्षात कुठं फिरायला जायचं?’ असं घरातली वडील मंडळी म्हणतील. त्यांचं मन मोडू नये. पण आपल्या घरची तिथी झाली, की उरलेल्या दिवसांत ना हळदीकुंकू, ना लग्न, ना पाहुणे. वर्षभरात गृहिणीला इतकी मोकळीक क्वचितच मिळते. गर्दीही नसते. शांतपणे समजावून सांगितलं, तर सासूबाईसुद्धा ऐकतात आणि पावनखिंडीच्या पायऱ्या त्यांना त्याच दिवसांत जमतात.

एक पथ्य मात्र पाळा. हस्ताचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. पहाटे निघा, सकाळी रान बघा आणि तीनच्या आत मोकळ्या सड्यावरून खाली या. ढग गडगडू लागले, की एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत किंवा पक्क्या घरात जा.

थंडी आणि वैशाख

दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत वाटा कोरड्या असतात. वृद्धांना आणि अगदी लहान मुलांना हा काळ चांगला. पहाटे गव्यांचा कळप दिसू शकतो, डोक्यावरून शेकरू उडी मारून जातं. पावसाळ्यात बंद असलेलं चांदोलीचं उद्यानही खुलं झालेलं असतं. त्याची वाट सांगली जिल्ह्यातल्या वारणावतीकडून आहे. निघण्याआधी वन खात्याकडे चौकशी करून घ्या. परतताना गावातल्या बायकांकडून नवी नाचणी घ्यायला विसरू नका. आपल्याला ताजं मिळतं, त्यांच्या हातात चार पैसे पडतात.

आणि मे महिना? दुपारी उकडतं खरं, पण करवंदं-जांभळांचे तेच दिवस. ओढ्याकाठी ताम्हण जांभळ्या फुलांनी लगडलेला असतो. मेअखेर, पहिल्या पावसाच्या तोंडावर, रात्री काजव्यांनी झाडंच्या झाडं लुकलुकतात. शाळांना सुट्टी असते, हा आणखी फायदा.

पिशवीत काय हवं?

* दशम्या, धपाटे, तिळाची चटणी, भडंग. ओल्या हवेत टिकतील असेच पदार्थ घ्या. पिण्याचं पाणी उकळून घरचंच न्या.
* प्रत्येकाचा एक सुका जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. घाटातल्या वाऱ्यात छत्री उलटी होते, रेनकोट बरा. निसरड्यावर साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीची.
* जळवांसाठी लांब मोजे आणि पुरचुंडीत मीठ. मोज्यांना मीठ चोळावं. जळू चिकटलीच, तर ओढून काढू नका. नखानं कडेनं सोडवा आणि जागा साबणानं धुवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका.
* पाळीची तारीख आधीच लक्षात घ्या. रानात आडोशाची सोय नसते. मलकापूर किंवा आंब्यालाच सगळ्या जणींनी जाऊन यावं. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून घरी परत आणावेत.
* परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत कुणाला ताप आला, तर ‘आम्ही रानात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पावसाळ्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांमुळे येणारा एक ताप अंगावर काढण्यासारखा नसतो.

खर्चाची काळजी नको. कोल्हापूर-रत्नागिरी एसटी मलकापूर, आंबा करतच जाते. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. म्हणजे सासूबाईंची पंच्याहत्तरी झाली असेल, तर त्यांचं तिकीटच लागणार नाही!

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा बेत ठरवताना भिंतीवरची दिनदर्शिका आपणच खाली काढा. घरची तिथी, मुलांची सहामाही परीक्षा, स्वतःची तारीख, उत्तरा-हस्ताचे दिवस यांवर पेन्सिलीनं खुणा करा आणि मधला जो मोकळा दिवस उरेल, त्याच्याभोवती ठसठशीत गोल काढा. जुलैच्या रविवारचा हट्ट कुणी धरलाच, तर रागावू नका. त्याला गरमागरम कांदाभजी तळून द्या आणि खिडकीतून पाऊस दाखवा. रान कुठं पळून जात नाही. आपली सगळी माणसं जशी नेली तशी घरी परत आली पाहिजेत, एवढंच आपण बघायचं.