वेळ ठरवतं ते कोकरू

मेंढीचा गाभणकाळ साधारण पाच महिन्यांचा, १४७ दिवसांच्या आसपास. कास भरली, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे दिसू लागले, की मेंढपाळ रात्री उठून वाड्यात फेरी मारू लागतो. मेंढी कळपापासून बाजूला जाऊन पायाने जमीन उकरू लागली, म्हणजे वेळ भरलीच. ही वेळ ठरवतं कोण? सहज सुचणारं उत्तर : आई.

ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ मॉन्ट लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग केले, तेव्हा हे उत्तर चुकीचं ठरलं. गर्भातल्या कोकराची पिट्युटरी ग्रंथी निकामी केली, तर दिवस उलटले तरी मेंढी वीत नसे. उलट कोकराला कॉर्टिसोल हे संप्रेरक दिलं, तर ती मुदतीच्या बरीच आधी वीत असे.

दिवस भरत आले की कोकराच्याच शरीरात कॉर्टिसोल वाढतं. त्यामुळे वारेत गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन घटून इस्ट्रोजेन वाढतं, प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि कळा सुरू होतात.

याच प्रयोगांत लिगिन्स यांना आणखी काही दिसलं. कॉर्टिसोलसारखं स्टेरॉइड मिळालेलं एक कोकरू इतकं अपुऱ्या दिवसांचं होतं की त्याने श्वास घेणं अपेक्षितच नव्हतं. तरीही त्याची फुप्फुसं काही अंशी फुगली होती. अपक्व फुप्फुसांच्या पोकळ्या ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारख्या आतून चिकटतात. त्या उघड्या ठेवणारं सर्फॅक्टंट कॉर्टिसोलमुळे लवकर तयार होतं. बाहेर पडण्याची वेळ आणि श्वासाची तयारी, दोन्ही एकाच संप्रेरकाच्या हाती!

मग लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी मुदतीआधी प्रसूत होऊ शकणाऱ्या स्त्रियांना स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. त्यांचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले : अकाली जन्मलेल्या बाळांमध्ये श्वसनाच्या गंभीर त्रासाचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. आज हे उपचार जगभर रूढ आहेत.

मेंढीला विण्यास लावणारं औषध गर्भवतीला कसं चालतं? माणसाच्या वारेत प्रोजेस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं विकर जवळपास नसतंच. त्यामुळे स्टेरॉइडने बाळाची फुप्फुसं परिपक्व होतात, पण कळा सुरू होत नाहीत. लिगिन्स शोधत होते प्रसूती सुरू कशी होते ते. माणसापुरतं ते उत्तर लागू पडलं नाही, आणि म्हणूनच हे इंजेक्शन आईला देता येतं.