बिडीच्या दुकानातला ज्ञानयोगी

मे महिना आला की आमच्या पारशिवनी तालुक्यात तेंदूपानं तोडायची घाई उडते. पहाटेच जंगलात जायचं, पानं आणायची अन् घरी बसून पुडके बांधायचे. या पानांच्या बिड्या वळतात. अशाच बिड्या विकणाऱ्या एका दुकानदाराची आज ओळख करून घेऊ.

त्यांचं नाव मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म १८९७ साली मुंबईत, हनुमान जयंतीला. म्हणून नाव मारुती! बालपण मालवणजवळच्या कांदळगावात गेलं. शिक्षण बेताचंच. मोठेपणी मुंबईत येऊन त्यांनी दुकान टाकलं. १९३३ साली एका मित्राने त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेलं. गुरूंनी एकच अभ्यास दिला : ‘मी आहे’ ही जी जाणीव आहे ना, तिच्यावर लक्ष ठेव.

कांबळींनी तो अभ्यास नेटाने केला. दुकान आणि संसार सांभाळून केला, बरं का! पुढे लोक त्यांना निसर्गदत्त महाराज म्हणू लागले. मुंबईत खेतवाडीतल्या त्यांच्या छोट्याशा पोटमाळ्यावर देशोदेशीचे लोक प्रश्न विचारायला येत. महाराज मात्र मराठीतच बोलत. मॉरिस फ्रिडमन यांनी ते संवाद इंग्रजीत आणले आणि १९७३ साली ‘आय अ‍ॅम दॅट’ हे पुस्तक निघालं. १९८१ साली घशाच्या कर्करोगाने महाराज गेले. त्यांना स्वतःला बिडी ओढायची सवय होती. ती तेवढी कुणी उचलू नका!

या मार्गाला म्हणतात ज्ञानयोग. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. श्रवण म्हणजे नीट ऐकणं. मनन म्हणजे ऐकलेलं खरं का, हे स्वतः तपासणं. आणि निदिध्यासन म्हणजे पटलेली गोष्ट बरणीतल्या लोणच्यासारखी आत मुरू देणं. हेच ज्ञानयोगाचं ध्यान.

मोठ्यांचं काम वाटतं? मग एक प्रयोग करा. पाच मिनिटं शांत बसा. श्वास रोखू नका, काही जपू नका. बाहेर कोंबडा आरवला, ते कळलं. पाय दुखला, कळलं. कालच्या भांडणाचा राग आला, तोही कळला. आता स्वतःला विचारा, हे सगळं कुणाला कळतंय? राग आला नि गेला, पण ज्याला तो कळला तो तर तिथेच आहे! उत्तर पाठ करायचं नाही. नुसतं पाहायचं.

याचा उपयोग काय? गणितात कमी गुण पडले की वर्गात कुणीतरी ‘ढ’ म्हणतं. चार वेळा ऐकलं की मूलही म्हणू लागतं, “मी ढच आहे.” तिथेच थांबा आणि मनन करा. गुण कमी पडले, हे खरं. वाईट वाटतंय, हेही खरं. पण वाईट वाटणं येतं नि जातं. ते म्हणजे तुम्ही नव्हे. मग पाटी घ्या आणि चुकलेलं गणित पुन्हा मांडा. ध्यान केलं म्हणून गणित आपोआप सुटत नाही. पण ‘ढ’ हा शब्द डोक्यावरून उतरला, की हात मोकळे होतात.

आईबाबांनो, मुलाला बळेच डोळे मिटायला बसवू नका. तुम्हीच पाच मिनिटं शेजारी बसा. आणि प्रगतिपुस्तकावर सही करताना एवढं सांभाळा : चूक गणितातली असते, मुलाचं नाव ‘चूक’ नसतं.