फुटबॉलपटूंची वेतनकपात : लाभ कोणाचा?

संकटकाळी ज्याच्या गाठीशी चार पैसे अधिक आहेत त्याने हात सैल सोडावा, ही समाजाची अपेक्षा नवी नाही. परंतु सोडलेला पैसा नेमका कोणाच्या पदरात पडणार, हे विचारण्याचा अधिकार देणाऱ्याला आहे की नाही? २०२०च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंपुढे हाच पेच उभा राहिला होता.

कोरोनाच्या साथीमुळे १३ मार्च २०२० रोजी प्रीमियर लीगचे सामने स्थगित झाले. तिकीटविक्री थांबली आणि दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या हक्कांपोटी मिळणारी प्रचंड रक्कमही धोक्यात आली. या क्लबांच्या उत्पन्नातील निम्म्याहून अधिक हिस्सा वेतनावर खर्च होतो. साहजिकच सामने बंद आणि वेतन चालू, हा मेळ फार काळ बसणे शक्य नव्हते.

वादाची ठिणगी मात्र निराळ्याच कारणाने पडली. काम थांबल्यामुळे घरी बसलेल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा ८० टक्के भाग, दरमहा कमाल अडीच हजार पौंडांपर्यंत, सरकारी तिजोरीतून देण्याची योजना ब्रिटिश सरकारने जाहीर केली होती. टॉटनहॅम, न्यूकॅसल यांसारख्या क्लबांनी खेळाडू नसलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तिचा आधार घेण्याचे ठरविले. पाठोपाठ ४ एप्रिलला लिव्हरपूलनेही तेच केले. या क्लबने आदल्या आर्थिक वर्षात सुमारे ४ कोटी २० लाख पौंडांचा करपूर्व नफा नोंदविला होता! खेळाडूंचे वेतन अबाधित आणि सामान्य कर्मचाऱ्यांचा भार मात्र करदात्यांवर, हे चाहत्यांनाही रुचले नाही. लिव्हरपूलने दोनच दिवसांत माघार घेतली आणि दिलगिरी व्यक्त केली; काही दिवसांनी टॉटनहॅमलाही तोच मार्ग धरावा लागला.

दरम्यान, २ एप्रिलला तत्कालीन आरोग्यमंत्री मॅट हँकॉक यांनी फुटबॉलपटूंनी वेतनकपात स्वीकारून आपला वाटा उचलावा, असे जाहीरपणे सुनावले. दुसऱ्याच दिवशी क्लबांनी वार्षिक वेतनात ३० टक्के कपात किंवा लांबणीवर टाकलेले वेतन, असा मिश्र प्रस्ताव पुढे केला.

खेळाडूंच्या संघटनेने त्यावर मांडलेले गणित विचार करायला लावणारे होते. या प्रस्तावामुळे बारा महिन्यांत खेळाडूंचे वेतन ५० कोटी पौंडांहून अधिक घटले असते. पण त्याचबरोबर सरकारचा २० कोटी पौंडांहून अधिक कर बुडाला असता. ब्रिटनमध्ये त्या वेळी दीड लाख पौंडांवरील उत्पन्नास ४५ टक्के प्राप्तिकर होता. म्हणजेच बड्या खेळाडूने सोडलेल्या प्रत्येक १०० पौंडांतील किमान ४५ पौंड सरकारी तिजोरीचे होते, आणि सार्वजनिक आरोग्यसेवा चालते ती मुख्यतः याच तिजोरीवर. उरलेली रक्कम रुग्णालयाकडे नव्हे, तर क्लबाकडे म्हणजे पर्यायाने धनाढ्य मालकाकडे राहिली असती. अखेर ८ एप्रिलला खेळाडूंनी स्वतंत्र उपक्रम जाहीर करून आरोग्यसेवेच्या धर्मादाय निधीला थेट मदत देण्याचा मार्ग पत्करला. लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन याचा त्यात पुढाकार होता.

याचा अर्थ वेतनकपात सर्वस्वी चुकीची असा नव्हे. बार्सिलोनाच्या खेळाडूंनी ७० टक्के कपात मान्य केली आणि अन्य कर्मचाऱ्यांना पूर्ण वेतन मिळावे म्हणून वेगळी भरही घातली. युव्हेंटसच्या खेळाडूंनी व प्रशिक्षकांनी सुमारे ९ कोटी युरोंचा भार हलका केला. क्लबची नड खरी असेल आणि वाचलेल्या पैशातून माळी, स्वयंपाकी, कारकून यांची चूल पेटती राहणार असेल, तर असा त्याग सार्थकी लागतो. मात्र त्याची हमी हवी. आर्सेनलच्या खेळाडूंनी एप्रिलमध्ये साडेबारा टक्के कपात स्वीकारली. तरीही ऑगस्टमध्ये क्लबने ५५ नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव जाहीर केलाच.

सर्वच फुटबॉलपटूंना एका मापाने मोजणेही अन्यायाचे ठरेल. खालच्या श्रेणीतील खेळाडूंचे वेतन बेताचे, कारकीर्द अल्प. त्यांपैकी अनेकांचे करार ३० जूनला संपत होते. शिवाय बँका आणि गुंतवणूक संस्थांच्या अतिश्रीमंत अधिकाऱ्यांकडे बोट न दाखवता केवळ खेळाडूंनाच नैतिकतेचे धडे देणे मंत्र्यांना कितपत शोभते?

म्हणूनच पुन्हा अशी वेळ आली, तर कपातीची टक्केवारी ठरविण्याआधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. क्लबची निकड खरी आहे काय? मालकांनी स्वतःचा खिसा रिकामा करायला सुरुवात केली आहे काय? आणि वाचलेला पैसा कोणाच्या हाती जाणार आहे? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर कोट्यधीश खेळाडूला नकार देण्याचे कारण उरत नाही. ती नसतील, तर त्याच्या त्यागाने फक्त मालकाचा ताळेबंद सुधारेल. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या परिचारिकेला त्याचा काहीच उपयोग होणार नाही.