कोड न लिहिता अ‍ॅप, आणि आईच्या हिशेबातलं शून्य

"दादा, कोडिंग येत नाही, तरी अ‍ॅप बनवता येतं का?" हा प्रश्न बऱ्याच जणांचा. येतं. पण मी बीटेक झालेला, रोज कोड लिहिणारा, आणि या सोप्या टूलमध्ये माझीच फजिती झाली. आज तेच सांगतो.

आई जेवणाचे डबे देते. हिशेब वहीत. म्हटलं, एका रविवारी अ‍ॅप करून देतो. घेतलं एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर. हे एमआयटी अमेरिकेतलं बरं का, पुण्यातलं नव्हे! टूल २०१० मध्ये गूगलने आणलं, २०१२ पासून एमआयटी चालवतं. फुकट आहे, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडतं.

यात दोन भाग. डिझायनरमध्ये बटण, यादी वगैरे ओढून स्क्रीनवर ठेवायचं. ब्लॉक्समध्ये रंगीत तुकडे एकमेकांत अडकवायचे: 'बटण दाबलं की' हा मोठा तुकडा, त्याच्या पोटात 'डब्यांत १ मिळव'. न जुळणारा तुकडा खाचेत बसतच नाही. फोनवर कंपॅनियन अ‍ॅप टाकून क्यूआर कोड स्कॅन केला की लगेच चालवून बघता येतं.

आकडे लक्षात ठेवायला टायनीडीबी. कपाटाचे खण समजा: खणावर ग्राहकाचं नाव, आत डब्यांची संख्या. वाचताना ब्लॉक विचारतो, या नावाचा खणच सापडला नाही तर काय देऊ? मी तिथे ० टाकलं. नवा ग्राहक, शून्य डबे. बरोबर ना?

दीड महिना मस्त चाललं. आईने वही बंद केली. मग एक दिवस फोन पाण्याच्या बादलीत पडला आणि गेलाच. नव्या फोनवर अ‍ॅप टाकलं. नावं सगळी जागच्या जागी, कारण ती मी डिझाइनमध्येच लिहिलेली. आणि प्रत्येकापुढे ०. महिन्याची २४ तारीख!

आई म्हणाली, "म्हणजे कुणाकडूनच काही येणं नाही?"

टायनीडीबी फक्त त्याच फोनमध्ये साठवतं. अ‍ॅपला काहीच माहीत नव्हतं, तरी ते छातीठोकपणे शून्य सांगत होतं. कारण तसं मीच सांगून ठेवलेलं. आईने एकेकाला फोन करून आकडे जुळवले. दोघांशी वाद झाला, तिथे तिने पैसे सोडून दिले.

मग मी दोन बदल केले. खण सापडला नाही तर आता 'नोंद नाही' असं दिसतं. नवा ग्राहक आला की त्याचं शून्य आई स्वतः टाकते. आणि शेअरिंगचा ब्लॉक जोडला: रात्री बटण दाबून व्हॉट्सअ‍ॅपवर माझं नाव निवडलं की दिवसाचा हिशेब माझ्याकडे. वहीसुद्धा परत सुरू झालीय. मी गप्प आहे.

ब्लॉक्स तुमचं टायपिंग वाचवतात, विचार करणं नाही. म्हणून पहिलं बटण ठेवण्याआधी कागदावर दोन प्रश्न लिहा: माहिती राहणार कुठे? आणि ती सापडली नाही, तर स्क्रीनवर काय दिसेल?

बनवून बघा. भेटू पुढच्या भागात!